फॅनच आहे तो, ताई

४ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

माझं पत्र आलं की तुझी आई म्हणत असेल, "हिला फोन का होत नाही?" तिला सांग, दिवसभर माझ्या कानात डॉक्टर बोलत असतात. कुणाचं पोट, कुणाचा गुडघा, कुणाचं हृदय. ते सगळं ऐकून टाइप करेपर्यंत कान इतके विटतात की संध्याकाळी सख्ख्या बहिणीचाही आवाज नकोसा होतो. कागद बोलत नाही, म्हणून कागद.

आता कामाचं. माझा कॉम्प्युटर म्हातारा झालाय. हॉस्पिटलने नवं सॉफ्टवेअर दिलंय, ते उघडेपर्यंत माझा चहा करून होतो, पिऊन होतो आणि कप धुऊनही होतो. तू मागे म्हणाला होतास की पेटी तीच ठेवून आतलं सगळं बदलता येतं. तेच करू या. काय घ्यायचं, किती घ्यायचं, सगळं तू ठरव. भाचा कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि मावशी खटारा ओढते, हे बरं दिसत नाही.

पण त्याआधी एक तक्रार. पेटीतून दोन आवाज येतात. एक घूंऽऽ असा बारीक, डासासारखा. त्याची सवय झाली. दुसरा नवा आहे. टक. टकटक. टक. कॉम्प्युटर लावला की थोड्या वेळाने सुरू होतो, मध्येच थांबतो, पुन्हा येतो. एखाद्या दिवशी येतच नाही. कॉम्प्युटर बंद केला की तोही गप्प. हेडफोन काढले की डोकं उठतं नुसतं.

शेजारचे केमिस्ट माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या द्यायला आले होते, तेव्हा त्यांनाही ऐकवलं. पेटीला कान लावून म्हणाले, "फॅनच आहे तो, ताई. बेअरिंग गेलं." भला माणूस. दुकान सांभाळून घरपोच गोळ्या आणून देतो हल्लीच्या काळात! त्यांची मोठी बहीण, आमच्या अक्का, हल्ली पुतणीकडे राहायला गेल्या आहेत. त्यामुळे माझा संध्याकाळचा चहा एकटीचाच. इतक्या वर्षांची शेजारीण, भिंतीला भिंत, आणि न सांगता गेल्या. मला जरा रागच आलाय.

उत्तर लवकर दे. अक्षर कळेल असं काढ.

तुझी मावशी


९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

अक्षर सुधारण्याचं वय गेलं. आता तूच चष्मा बदल.

तुझ्या केमिस्टना म्हणावं, निदान बरोबर आहे, पण अर्धंच. पेटी उघडलीस तर आत मोठी हिरवी पाटी दिसेल, तोच मदरबोर्ड. त्याच्या साधारण मध्यावर, काडेपेटीएवढा एक चौकोनी पंखा आहे. सगळ्या उपद्रवाचं मूळ तो. मोठा पंखा सावकाश फिरतो आणि गप्प असतो. या बारक्याला तेवढीच हवा ढकलायला जीव तोडून फिरावं लागतं. मग तो किंचाळतो, धूळ खातो, त्याचं तेल सुकतं, आणि वर्ष-दोन वर्षांत खडखडायला लागतो. आमच्या दुकानात आम्ही त्याला 'धाकटी सून' म्हणतो. सगळ्यात जास्त काम तिला आणि सगळ्यात जास्त बोलणीही तिलाच.

म्हणून नव्या बोर्डासाठी माझी एकच अट आहे: त्यावर असला बारका पंखा नको. काही बोर्डांवर पंख्याऐवजी नुसती धातूची पात्यापात्यांची जाड चकती असते. तुझ्या कामाला ती भरपूर. तू काही गेम खेळत नाहीस. मी तसा बोर्ड शोधतो.

तोवर वैतागून पंखा उपटून टाकू नकोस. त्याच्या खालची चिप भाजून निघेल आणि जुनं मरेल ते नवं येण्याआधी. फक्त एक परीक्षा कर. पेटीचं झाकण काढ, कॉम्प्युटर चालू ठेव, आणि कान साफ करायची कापसाची काडी त्या पंख्याच्या बरोबर मध्यावर हलकेच टेकव. पात्याला नाही, मध्याला! पंखा थांबेल. दोन श्वास ऐक आणि काडी काढ. दोन्ही आवाज थांबले तर गुन्हेगार सापडला.

अक्कांवर रागावू नकोस. येतील.

खटपट्या


१५ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

केली परीक्षा. शस्त्रक्रियाच करते आहे असं वाटलं. काडी टेकवली. घूंऽऽ थांबलं. पण टकटक नाही थांबली. उलट मधला तो किंचाळा गेल्यावर जास्तच स्वच्छ ऐकू आली. मग घाबरून काडी काढली. पंखा पुन्हा फिरायला लागला, तेव्हा देवाचे आभार मानले.

म्हणजे तुझी धाकटी सून निर्दोष आहे. निदान निम्म्या आरोपातून सुटली.

केमिस्ट काल पुन्हा आले होते. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन, स्वतःहून. मी त्यांना तुझी परीक्षा सांगितली, तर म्हणाले, "असं होतं कधी कधी. आवाज पेटीत घुमत राहतो." तेल सोडलं, झाकण लावलं. मग खोलीभर बघून म्हणाले, "ताई, टेबल पुढच्या खोलीत का नाही हलवत? तिकडे हवा खेळते. इथे भिंतीला चिकटून यंत्र तापतं." मला पटलं ते. पण टेबल एकटीने हलण्यातलं नाही. त्यांनी सवड मिळाली की येतो म्हटलंय.

अक्कांची खुशाली विचारली. म्हणाले, "मजेत आहेत. आठवण काढतात तुमची." मी म्हटलं, पत्ता द्या, दोन ओळी लिहीन. तर म्हणाले, "त्यांचं आता डोळ्यांचं जरा अवघड झालंय." ऐकून वाईट वाटलं. राग पण गेला.

तेलाने घूं कमी झालं आहे. टकटक आहेच. आज तर सकाळपासून.

तुझी मावशी


१९ फेब्रुवारी

मावशी,

हे पत्र हातात पडताच कॉम्प्युटर बंद कर!

पंखा थांबवूनही टकटक थांबत नसेल, तर ती हार्डडिस्क आहे. तुझं सगळं काम जिच्यात साठतं ती. डिस्क टकटक करायला लागली की ती शेवटच्या घटका मोजत असते. मी आजवर अशी एकही वाचलेली पाहिली नाही. पंख्याच्या नादात मला हे आधी सुचलं नाही, कपाळ माझं.

आता नीट वाच. कामाच्या फायली दुसरीकडे उतरवून घेतल्या नसतील तर स्वतः काही करायला जाऊ नकोस. सगळ्या वायरी काढ, पेटी उचल आणि सरळ जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात ने. त्यांना म्हणावं, आधी माल बाहेर काढा, मग बाकीचं. टेबल हलवण्याची घाई नको, हादरे बसतील.

बोर्ड मिळाला. बारका पंखा नाही, नुसती चकती. पण तो पुढच्या आठवड्यात. आधी डिस्क.

खटपट्या


२५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

काल दुकानात तुझा फोन आला. तूच होतीस ना? नंबर तुझा होता. मी हॅलो हॅलो करत राहिलो आणि तिकडून नुसता श्वास. मी विचारलं, "डिस्क गेली का?" तर तू फोन ठेवून दिलास. मी परत लावला, कुणी उचलला नाही. आईनेही लावला. रात्री तुझ्या खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाईंनी उचलला. "त्या बऱ्या आहेत, झोपल्या आहेत, पत्र लिहितील" एवढंच म्हणाल्या.

मावशी, इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं. यंत्र आहे ते, आज ना उद्या जाणारच. गेलेल्या फायली हॉस्पिटलकडे असतील. मी नवी डिस्क आणि बोर्ड दोन्ही पाठवतो आहे. तू फक्त जेव वेळेवर.

खटपट्या


२७ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

फोनवर मीच होते. तुझा आवाज ऐकला आणि कुठून सुरू करू तेच सुचेना. तू "डिस्क गेली का" विचारलंस, तेव्हा हसू का रडू ते कळेना. डिस्क ठणठणीत आहे.

तुझं पत्र तीन दिवसांपूर्वी सकाळी मिळालं. त्या वेळी टकटक चालूच होती. मी तू सांगितल्याप्रमाणे कॉम्प्युटर बंद केला. टकटक थांबली. आजवर थांबायची तशीच. मी म्हटलं, खरंच डिस्क. वायरी काढल्या, पेटी टेबलावरून ओढली. ती जड, फरशीवर घासत दारापर्यंत नेली. मग टेबलही जरा सरकवलं, मागे पडलेली वायर काढायला.

आणि टकटक सुरू झाली.

पेटी दारात होती. वायर माझ्या हातात होती. टेबलावर काही म्हणजे काही नव्हतं, नुसता धुळीचा चौकोन. आणि टक, टकटक, टकटकटक, अशी घाईघाईने, आजवर कधी ऐकली नाही अशी. मी किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही. अंगावर काटा म्हणतात तो मी टाइप केलाय, पण अनुभवला नव्हता.

भिंतीला कान लावला. माझं कामच ऐकण्याचं आहे. डॉक्टर घास तोंडात ठेवून बोलले तरी मला कळतं. पलीकडे कुणीतरी बोलत होतं. बरंचसं अस्पष्ट होतं. अस्पष्ट असेल तिथे आम्ही टिंबं टाकतो. दोनच शब्द कळले. "जाऊ नका."

मी बोटाच्या पेरांनी भिंतीवर ठोकलं. तिकडे एकदम सगळं शांत झालं. मग एकच, हळू, टक.

मी खाली शिलाईवाल्या बाईंकडे धावले. त्यांनी कात्री तशीच हातात घेतली आणि आल्या. केमिस्टच्या दाराला बाहेरून कुलूप. आम्ही दोघी तशाच दुकानात गेलो. दुकानात चार गिऱ्हाइकं. ते हसून म्हणाले, "या ताई, झालं का दुरुस्त?"

मी म्हटलं, "टकटक अजून येते आहे."

"फॅनच आहे तो, ताई. सांगितलं ना."

"मी कॉम्प्युटर बंद करून आले आहे," मी म्हटलं. "सगळ्या वायरी काढून."

त्यांचा हात औषधाच्या पुडीवर होता तसाच राहिला. गिऱ्हाइकाने दोनदा "किती झाले?" विचारलं, त्यांना ऐकूच आलं नाही. मग हळूच म्हणाले, "मोठ्याने बोलू नका. चला." त्यांनी शटर ओढलं, आमच्याबरोबर आले आणि घराचं कुलूप उघडलं.

मागची खोली, माझ्या टेबलाच्या बरोबर पलीकडची. तिला कडी, कडीला कुलूप. आत खिडकीसमोर कपाट सरकवलेलं. खाटेवर अक्का. खटपट्या, त्या पुतणीकडे नव्हत्या. त्या कुठेच गेल्या नव्हत्या. मी इकडे एकटीने चहा पीत होते आणि त्या एक वीत भिंतीपलीकडे होत्या. हातात चमचा. भिंतीवर चमच्याने रंग उडून पांढरा खळगा पडलेला. माझ्याकडे बघितलं, पण तोंडातून शब्द नीट येईनात. जीभ जड झाल्यासारखी. निम्म्या झालेल्या होत्या त्या.

केमिस्ट दारातच खाली बसले आणि रडायला लागले. म्हणाले, अक्कांना विस्मृती झाली आहे. गॅस उघडा ठेवतात, भलत्या रस्त्याला निघून जातात, एकदा रेल्वेच्या रुळांवर सापडल्या. डॉक्टरांकडे न्यायला लाज वाटली. दुकान सोडून सांभाळायला माणूस नाही. "मी त्यांना खाऊ घालतो, अंघोळ घालतो, ताई. मारलं नाही कधी. कुलूप लावण्यापलीकडे मी काही केलं नाही."

खोली स्वच्छ होती. पाणी होतं, बिस्किटं होती, धुतलेली चादर होती. तू मला हसशील, पण मला त्यांची कणव आली. एकट्या माणसाने असं आजारपण काढायचं म्हणजे काय, ते मी तुझ्या आजोबांच्या वेळी बघितलंय. शिलाईवाल्या बाई मात्र ऐकेनात. "आधी ॲम्ब्युलन्स," म्हणाल्या, "रडणं नंतर." अक्कांना हॉस्पिटलात ठेवलंय. केमिस्ट रोज डबा नेतात, बाहेर बाकावर बसून राहतात. त्यांच्याकडे बघवत नाही.

मला रात्री डोळा लागत नाही. मी त्या आवाजाला शिव्या दिल्या रे. त्यात तेल घातलं.

तुझी मावशी


३ मार्च

प्रिय मावशी,

पत्र आईला वाचून दाखवत होतो. "जाऊ नका"पाशी मला पुढे वाचता आलं नाही, आईने हातातून घेतलं आणि तीही थांबली. मी तुला बेअरिंगवर पानभर लिहिलं. धाकट्या सुनेचे विनोद केले. एक बाई मदत मागत होती आणि मी इकडून लिहीत होतो की ती हार्डडिस्क आहे. दोन दिवस दुकानात माझं चित्त नाही. एखाद्या पेटीतून खडखड आली की मी आधी ती बंद करतो आणि तसाच उभा राहतो. आमचे मालक म्हणाले, "काय रे, यंत्राला श्रद्धांजली वाहतोस का?"

मावशी, मी तुला हसत नाही. पण दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जात नाहीत. रागावू नकोस.

एक. ज्याला नुसती लाज वाटते, तो माणूस तू आवाज ऐकवलास तेव्हा गप्प बसेल, विषय बदलेल. यांनी पेटीला कान लावला. तेल आणलं. टेबल हलवायला सांगितलं. बहीण भिंतीवर ठोकते आहे हे ऐकत, तुझ्यासमोर उभं राहून!

दोन. आवाज तू कॉम्प्युटर लावल्यावरच यायचा. बंद केलास की थांबायचा. म्हणून तर आपण दोघंही फसलो. मग मला सांग, ज्या बाईला गॅस बंद करायचं सुचत नाही, तिला रोज बरोबर तेवढ्याच वेळात, बरोबर तुझ्या टेबलामागेच ठोकायचं कसं सुचलं?

त्यांचा तो डबा अक्कांना देऊ नका. माझं चुकत असेल तर मी त्या माणसाचे पाय धरीन. पण आधी डॉक्टरांना विचार.

खटपट्या


९ मार्च

खटपट्या,

पाय धरावे लागणार नाहीत.

तुझं पत्र वाचून मी तशीच हॉस्पिटलला गेले. डॉक्टरीण बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मी तुम्हालाच शोधत होते. रक्ताच्या तपासणीत झोपेचं औषध निघालं होतं, भरपूर. आणि डब्यातूनही ते येत होतं. दाखल झाल्यावर अक्का सकाळी जरा सुधारायच्या आणि डबा खाल्ला की पुन्हा जीभ जड, म्हणून डॉक्टरीण बाईंनी डबा तपासायला घेतला होता. खटपट्या, तो हॉस्पिटलात बसून, माझ्यासमोर डोळे पुसत, अक्कांना तेच भरवत होता. आणि मी त्याला चहा आणून देत होते. मी भिंत धरली, आणि भिंतीला हात लागला म्हणून पुन्हा काढून घेतला.

डबा बंद झाल्यापासून अक्का स्वच्छ बोलतात. विस्मृती वगैरे काही नाही. त्यांना माझी जन्मतारीख माहीत आहे, जी मलाच आठवत नाही. आज मी शेजारी बसले होते, तेव्हा म्हणाल्या, "तुमचं यंत्र घूं करायला लागलं की मला कळायचं, तुम्ही टेबलाशी बसलात. तेव्हाच ठोकायचे. यंत्र गप्प झालं की चमचा लपवायचे, कारण तो कधीही यायचा."

मी विचारलं, "ओरडला का नाहीत?"

"ओरडले की. सुरुवातीला खूप ओरडले. तुमच्या कानात ते असतं ना, काळं." त्यांनी कानांवर दोन्ही हात ठेवून दाखवलं. "मग त्याने गोळ्या वाढवल्या. ज्या दिवशी सकाळची गोळी जिभेखाली धरून थुंकता आली, त्या दिवशी ठोकलं. जमलं नाही त्या दिवशी झोप."

"आणि त्या दिवशी यंत्र बंद झाल्यावरही ठोकत राहिलात?"

"काहीतरी फरफटत नेल्याचा आवाज आला. मग टेबल. मला वाटलं, तुम्ही घर सोडून चाललात."

घर अक्कांचं आहे. त्यांनी भावाला सांगितलं होतं, आता तुझं तू वेगळं बघ. एवढंच. त्याला घराच्या कागदांवर त्यांची सही हवी होती, त्या देत नव्हत्या. मी आणखी विचारलं नाही. मला आणखी ऐकायचं नव्हतं, आणि ऐकणं हा माझा धंदा आहे.

तो माझ्या घरी गोळ्या घरपोच आणायचा. मी त्या सगळ्या फेकून दिल्या, आणि मग दिवसभर डोकं गरगरलं. आता दुसऱ्या दुकानातून आणते.

मावशी


१३ मार्च

मावशी,

काय लिहू? तक्रार झाली का? झाली नसेल तर आजच करा. अक्का म्हणतील जाऊ दे, तो भाऊ आहे. ऐकू नका. शिलाईवाल्या बाईंना बरोबर घ्या, त्यांच्या हातात कात्री असू दे. मी रविवारी निघतो, सामान अजून पाठवलं नाही, माझ्याबरोबरच आणतो. आणि भिंतीपाशी टेबल नको असेल तर सांग, मी हलवेन.

आई विचारते, तू तिच्याशी फोनवर बोलशील का? नुसतं हो म्हणालीस तरी चालेल.

खटपट्या


१५ मार्च

प्रिय खटपट्या,

आईला सांग, आज संध्याकाळी मीच फोन करते. आणि तू सावकाश ये. कॉम्प्युटर चालला नाही तरी हॉस्पिटल चार दिवस थांबेल, मी त्यांना सांगितलं आहे.

तक्रार झाली. त्याला परवाच धरून नेलं. दुकानाला सील लागलं आहे, आणि लोक अजून औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन येतात आणि शटरसमोर उभे राहतात. काल चौकीवरच्या अधिकारी बाई अक्कांचा जबाब घ्यायला हॉस्पिटलात आल्या. मी आणि शिलाईवाल्या बाई दाराशी होतो. मलाही तुझ्यासारखंच वाटत होतं, की आता अक्का म्हणणार, जाऊ द्या, माझा भाऊ आहे.

अधिकारी बाईंनी विचारलं, "तुम्हाला कोणी कोंडलं?"

शिलाईवाल्या बाईंनी माझा दंड धरला. मग अक्का म्हणाल्या, "माझ्या धाकट्या भावाने. लिहा." आणि त्यांनी सगळं सांगितलं. अगदी सरळ, एका सुरात. कुलूप कधी लावलं, गोळ्या कशातून दिल्या, सहीचे कागद कितीदा पुढे केले. आवाज एकदाही हलला नाही. मी इतकी वर्षं लोकांची बोलणी टाइप करते आहे, इतकं स्वच्छ बोलणं मी ऐकलेलं नाही. एकाही जागी टिंबं टाकावी लागली नसती.

बाईंनी कागद वाचून दाखवला. अक्कांनी सही केली. जी सही तो महिनोन्‌महिने मागत होता ती. मोठी, ठसठशीत. त्यांनी पेन परत दिलं. बाई उठल्या, कागदांची घडी घातली, दारापर्यंत आल्या.

तेव्हा अक्कांनी त्यांना हाक मारली. आम्हाला वाटलं, काही सांगायचं राहिलं.

"त्याला साखरेचा आजार आहे," अक्का म्हणाल्या. "जेवणाआधी गोळी लागते. तो स्वतःहून घेत नाही, विसरतो. कुणी देतं ना त्याला वेळेवर?"

अक्का आमच्या तिघींकडे आळीपाळीने बघत उत्तराची वाट पाहत होत्या.

तुझी मावशी